आईचं पीठ, मुंग्या आणि मावशीच्या कोंबड्या

हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याला जायला मला कारण लागत नाही. या वेळी मात्र मावशीच्या फोननं धाडलं. "आगं, आक्काच्या कोंबड्या मराय लागल्यात. एक कापून बगितली, तर आतड्यावर गाठीच गाठी. लोक म्हनत्यात क्षय हाय, समद्या पुरून टाक. तू ये की."

आक्का म्हणजे माझी आई. ती गेल्यावर तिच्या गावरान कोंबड्यांचं कुळ मावशीनं सांभाळलं. मी पुण्यात जनावरांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे माहेरी मला फुकटचा डॉक्टरी मान आहे.

सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा उगाच गाडी काढून डिझेल जाळू नका. मंगळवेढा जवळ आलं की काळ्या रानात नुसती ज्वारी. अशाच रानात माचीवर बसून मी पाखरं राखायचे, म्हणजे खरं तर कणसंच खायचे.

मावशीनं आधी भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढ्यात ठेवलं. कोंबड्या नंतर. अंगणात त्यांच्या विष्ठेत पांढरे दाणे दिसले.

"तांदळाच्या कण्या हायत्या त्या," मावशी म्हणाली.

"मावशे, तुझ्याकडं भात सणाला शिजतो. कण्या कुठनं आल्या?"

"व्हय की गं!"

ते पट्टकृमीचे तुकडे होते. त्याच सकाळी मेलेल्या कोंबडीचं आतडं चिरलं, तर गाठींपाशी फितीसारखे चपटे जंत चिकटलेले. क्षय नसावा असं वाटलं, पण नुसत्या वाटण्यावर एवढ्या कोंबड्यांचा जीव कसा ठेवणार? शिवाय या जंतांच्या जाती डोळ्यांना सारख्याच दिसतात. जंत आणि गाठी बाटल्यांत भरल्या. "माझा फोन येईस्तोवर एकही पुरायची नाही," असा मावशीला दम दिला.

सकाळी निघताना पाहिलं, मावशी खुराड्यामागं मुंग्यांच्या बिळापाशी मूठभर ज्वारीचं पीठ घालत होती. हा आईचा रोजचा नेम. "आक्का गेल्यापासनं मीच घालती. पुण्य तिच्या नावावं." मागनं कोंबड्या येऊन मुंग्या टिपत होत्या. मला भरून आलं. फोटो काढला.

पुण्यात गाठी तपासल्या. क्षयाचे जंतू नव्हते. जंतांचा डीएनए मात्र मुंग्यांवाटे पसरणाऱ्या जातीशी जुळला. विष्ठेतली अंडी मुंग्या खातात आणि मुंग्यांना कोंबड्या. तो फोटो मी पुन्हा उघडून बघत बसले.

क्षय नाही ऐकून मावशी फोनवर रडलीच. जंताचं औषध सांगितलं, मग धीर करून मुंग्यांची गोष्ट.

"म्हंजी आक्काच्याच पिठानं?"

"पिठाचा दोष नाही गं. जागा चुकली."

"मग नेम न्हाय मोडायची मी. कोंबड्या डालग्याखाली डालून ठिवीन आन् पीठ लांब बांधावर घालीन. आक्काला म्हनावं, आता जरा चालाय लागंल."

परवा तिचा फोन आला. कोंबड्या तरतरीत आहेत, एक खुडूक होऊन अंड्यांवर बसली आहे. फोन ठेवून मी मंगळवेढ्याच्या पिठाची चिमूट बाल्कनीतल्या कुंडीपाशी टाकली. मुंग्या आल्या. त्यांच्या मागं कोंबड्या काही आल्या नाहीत, आणि आईची फार आठवण आली.