आधी गुणाकार

उत्रोलीचे गणिताचे सर निवृत्त झाले, पण लाल पेन अजून खिशात आहे. लग्नपत्रिका हातात दिली, तरी आधी चुका काढतात. "आधी गुणाकार, मग बेरीज. क्रम चुकला की माणूस वाया गेला!" हे ते एसटीच्या रांगेतही ऐकवतात.

परवा आमच्या पूजेच्या जेवणासाठी तांदळाचा हिशोब सरांनी हौसेने अंगावर घेतला. घरच्यांना दोन किलो, शिवाय दर पंगतीला तीन. कागदावर झोकात लिहिलं, '२ + ३क'. क म्हणजे पंगती, त्या चार. "दोन नि तीन पाच, पाच चोक वीस!"

आचारी सरांनीच दोनदा नापास केलेला. तो हळूच म्हणाला, "सर, आदी गुणाकार. चौदाच किलो हुतंय."

सरांनी कागद पुन्हा पाहिला आणि लाल पेन काढलं.

"उत्तर बरोबर आहे. पण रीत कुठं दाखवलीस? एक मार्क कापला."