पास्कलभाऊंचं मीठ

बोरिवलीला उतरले तेव्हा एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात बाजरीच्या पिठाचा डबा. धाकट्या बहिणीला, लूसीला, गोराईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या घरी दिली त्याला चार वर्षं होऊन गेली, पण तिकडे जायचा योग आला नव्हता. आमच्या राहुरीहून निघताना सगळ्यांनी विचारलं, मुंबईत कसली आलीय शेती? मलाही तसंच वाटत होतं. टांग्याने खाडीपर्यंत आणि तिथून होडीने पलीकडे गेले, तर समोर कापणीला आलेलं भात. मुंबईत माझ्या स्वागताला पहिला उभा होता तो एक बैल.

होडीतून उतरताना माझी एक वहाण चिखलाने ठेवून घेतली. ती काढून, धुऊन माझ्यापुढे ठेवली लूसीच्या थोरल्या दिरांनी, पास्कलभाऊंनी. उंच, काळेसावळे, बोलणं मोजकं. वाटेत त्यांनी मला खाजण (खाडीला बांध घालून केलेली भातजमीन) दाखवलं. बांधात एक उघाडी होती. भरतीचं खारं पाणी अडवायचं आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, त्यासाठीची ती लाकडी झडप. आमच्याकडे पाण्यासाठी डोळे लावून बसतात, इथे त्याला दाराबाहेर ठेवतात. मी हे म्हटलं तेव्हा भाऊ हसले नाहीत. खाली वाकून त्यांनी झडप हाताने चाचपली. ती बंदच होती. चार पावलं गेल्यावर मागे येऊन त्यांनी ती पुन्हा चाचपली.

घरी लूसीने बाटली मसाल्याचं (बाटलीत ठासून वर्षभर टिकवतात तो घरचा मसाला) बोंबलाचं कालवण केलं होतं. मी भुकेने कासावीस, पहिलं हाताला लागलं त्या छोट्या भांड्यातलं वाढून घेतलं आणि घास घेताच म्हणाले, "लूसी, मीठ विसरलीस की गं." लूसीने ते माझ्यापुढून उचलून बाजूला ठेवलं. ते भांडं पास्कलभाऊंचं होतं. ते खाली मान घालून जेवत राहिले.

विहिरीवर भांडी घासताना लूसीने सारं सांगितलं. काही वर्षांपूर्वी पौर्णिमेच्या उधाणाला उघाडी बंद करायची पाळी भाऊंची होती. गावात लग्न होतं, बाजा वाजत होता, भाऊ नाचात रंगले आणि विसरले. खारं पाणी आत आलं आणि सगळ्यात खोलगट शेतात साचलं. ते शेत रेजिनबायचं, शेजारच्या विधवेचं. पुढे कितीतरी हंगाम तिथे दाणा आला नाही. भाऊंनी फादरांपुढे पाप कबूल केलं, फादरांनी क्षमा सांगितली. रेजिनबाय तर स्वतः ओटीवर येऊन माफ केलं म्हणून सांगून गेली. पण भाऊंनी मीठ सोडलं. तिच्या शेतात गेलं तेच माझ्या वाट्याचं मीठ, म्हणाले. तेव्हापासून देवळात ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत, बाहेर पायरीवर बसतात. आणि आपल्या शेताआधी तिचं शेत नांगरतात, लावतात, कापतात.

माझा ऊर अभिमानाने भरून आला. माझ्या बहिणीच्या घरात असा माणूस! मी तसं बोलूनही दाखवलं. लूसी तवा घासत म्हणाली, "तुला भारी वाटतंय, ताई. रेजिनबायला रडू येतं."

दुसऱ्या दिवशी आगेरा होता (नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळात नेण्याचा सण). दरवर्षी एका घरच्या शेताला पहिल्या कापणीचा मान असतो, आणि लोंब्या कुणी उचलायच्या ते त्या घराने सांगायचं. या वर्षी मान रेजिनबायच्या शेताचा होता. भात असं पिकलं होतं की लोंब्या वाकून बांधाला टेकल्या होत्या. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, सोनं घालून आलेल्या. मिस्सा (देवळातली उपासना) लॅटिनमधून, पण वाटेवरची गाणी सगळी आपल्या मराठीत. मी राहुरीचा खडा आवाज लावला, तशा दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. मी आणखी वर चढवला.

रेजिनबायने विळ्याने पहिली पेंढी कापली. लहानखुरी, वाळलेली बाई. पेंढी घेऊन ती माणसांतून वाट काढत थेट मागे गेली, जिथे पास्कलभाऊ एकटेच उभे होते.

"मना नको, रेजिनबाय," भाऊ मागे सरकत म्हणाले. "माजं अजून फिटलं नाय."

"फिटायचं नाय ते," ती म्हणाली. "देवानं सोडलं, फादरनी सोडलं, मी तर कवाच सोडलं. तूच धरून बसलायस, पास्कू. तू राबून फेडलंस, मंग मी तुला काय दिलं रं? माजी माफी मना परत करू नको."

बाजा थांबला होता. भाऊंनी हात पुढे केले आणि पेंढी घेतली.

मिरवणुकीच्या पुढे ते चालले. देवळाशी आल्यावर सवयीने पायरीवरच थांबले. मागोमाग रेजिनबाय थांबली आणि तिच्यामागे सगळा गाव. कुणी ढकललं नाही, कुणी त्यांना ओलांडून आत गेलं नाही. शेवटी भाऊ आत गेले आणि ख्रिस्तप्रसादाला वेदीपुढे गुडघे टेकून बसले. मी मागून बघत होते आणि उघड उघड रडत होते. कृपा हा शब्द मी लहानपणापासून प्रार्थनेत म्हणत आले होते, पण ती घेताना एवढ्या मोठ्या माणसाचे खांदे असे हलतात हे बघितलं नव्हतं. कालचा माझा अभिमान मी परत घेतला आणि नव्याने, दुप्पट करून, रेजिनबायला दिला. भाऊंनाही दिला. माणसाला राबणं जमतं, फुकटचं घेणं जमत नाही. त्यांनी ते घेतलं.

दुपारी रेजिनबायच्या ओटीवर सणाचं जेवण. लूसीने सवयीने अळणी भांडं आणलंच होतं. रेजिनबायने ते उचलून कोंबड्यांपुढे ओतलं आणि भाऊंना सगळ्यांतलं वाढलं. त्यांनी घास घेतला आणि बराच वेळ तो तोंडातच ठेवला.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"खारट," भाऊ म्हणाले, आणि आणखी भात मागितला.

आठवड्याने मी निघाले. बाजरीचा डबा तिथेच ठेवला आणि त्या शेतातल्या तांदळाची पिशवी बरोबर घेतली. राहुरीत सगळे विचारतात, मुंबईत काय बघितलंस? राणीची बाग बघितली नाही, चौपाटीही नाही. मी त्यांना निघायच्या दिवशीचं जेवण सांगते. होडीची वेळ झालेली, मी घाईने जेवत होते, आणि पास्कलभाऊ ताटावरून मान वर करून म्हणाले, "लूसी, आज मीठ कमी हाय गं."

माझी बहीण स्वयंपाकाला नाव ठेवलेलं कधी ऐकून घेत नाही. त्या दिवशी ती मिठाचं मडकंच उचलून घेऊन आली.