चांगल्या घरातला माल

जुन्या फर्निचरच्या त्या दुकानदाराला सगळी गल्ली ‘खानदानी’ म्हणायची. त्यांच्या स्वतःच्या खानदानाचं कुणाला काही माहीत नव्हतं. पण दुकानातल्या प्रत्येक खुर्चीचं खानदान त्यांना तोंडपाठ! कपाटाचं दार अडकलं की ते म्हणत, “अडकणारच! न्यायाधीशांच्या घरातलं आहे, कुणापुढेही उघडायची सवय नाही त्याला.” टेबलाचा एक पाय आखूड असला, तर ते हमखास एखाद्या लेखकाचं निघायचं. गिऱ्हाइकांना हे पटायचं असं नाही, पण पाहुण्यांना सांगायला घरात काहीतरी लागतंच की.

मागच्या खोलीत त्यांची बायको पॉलिश करत बसे. “मी वाळवी बघते, हे वंशावळ बघतात,” एवढंच ती म्हणायची.

आता या गृहस्थाने ही कला दुकानापुरती ठेवली असती, तर काय बिघडलं असतं? पण त्यांची दत्तक लेक, ठकू, पाच वर्षांची असताना एकदा शाळेतून रडत आली आणि तिने विचारलं, “मला जिने जन्म दिला ती कशी होती?” तिला दत्तक घेतलंय हे तिच्यापासून कधीच लपवलेलं नव्हतं, तेवढं शहाणपण बायकोने त्यांच्याकडून करवून घेतलं होतं. पण माहीत नाही म्हणून सांगेल तो दुकानदार कसला?

“अगं, गायची ती!” खानदानी म्हणाले. “काय गळा! लोक उभे राहून ऐकायचे.”

पोरगी रडता रडता हसली. बाप धन्य झाला.

मग काय विचारता! दर वाढदिवसाला जन्मदातीला बढती मिळू लागली. ती उंच झाली, तिचे वडील जहाजाचे कप्तान झाले, आणि पोर सोडावं लागलं तेही कुठल्याशा उदात्त कारणाने, जे दर वेळी बदलायचं. बायको म्हणायची, “अहो, ती खुर्ची नाही.” हे म्हणायचे, “तिला बरं वाटतंय ना? झालं तर!”

बरं वाटून वाटून पोरीने गाण्याचा क्लास लावला. ठकूमध्ये गुण पुष्कळ होते, फक्त सूर तेवढा तिच्या वाटेला कधी फिरकला नव्हता. ती रियाजाला बसली की शेजारी खिडक्या लावून घेत आणि खानदानी डोळे मिटून मान डोलावत. आपण लावलेल्या झाडाची फळं रोज सकाळी दोन तास खात बसायचे बिचारे.

ठकूला अठरा वर्षं पूर्ण झाली, आणि ज्या संस्थेतून ती आली होती तिथे तिने स्वतःच चौकशी केली. शनिवारी संस्थेच्या बाई घरी येऊन जी काही माहिती आहे ती सांगणार होत्या. माहिती कसली डोंबलाची! तान्ह्या पोरीला दाराशी ठेवून कुणीतरी निघून गेलं होतं, नाव नाही, गाव नाही. नवराबायकोला हे पक्कं ठाऊक होतं. ठकू मात्र एक गाणं बसवत होती. आई भेटली की तिला म्हणून दाखवायचं होतं.

“शनिवारच्या आत तुम्ही सांगा,” बायको म्हणाली. “परक्या बाईच्या तोंडून कळलं, तर पोरगी जन्मात तुमच्यावर विश्वास ठेवायची नाही.”

न्यायाधीश आणि कप्तान खिशात घालून फिरणाऱ्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

शुक्रवारी दुपारी एक जोडपं दुकानात आरशाचं टेबल बघत होतं. “कुणाच्या घरातलं हो?” त्यातल्या बाईंनी विचारलं. पलीकडे ठकू खुर्च्या पुसता पुसता तेच गाणं गुणगुणत होती. खानदानींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि ते म्हणाले, “कुणास ठाऊक. भंगारवाल्याकडून घेतलंय.” आपला अपमान झाल्यासारखं जोडपं तरातरा निघून गेलं.

ठकू फिदीफिदी हसली. “बाबा, ताप आलाय का?”

“ठकू, तुझ्या जन्मदातीच्या गाण्याचं मी रचलं होतं,” खानदानी म्हणाले. “गाणं, उंची, कप्तान, सगळंच. मला तिची काहीही माहिती नाही गं. कुणालाच नाही.”

तिचं हसू जायला जरा वेळ लागला.

“क्लासच्या बाईंनी दोनदा सांगितलं मला, दुसरं काहीतरी शिक म्हणून,” ती म्हणाली. “मी म्हटलं, माझ्या रक्तात आहे. बिचाऱ्या गप्प बसल्या. आणि तुम्ही समोर बसून मान डोलवायचात!”

“तुला बरं वाटावं म्हणून...”

“मला नाही, तुम्हाला! मी रडलेलं तुम्हाला बघवत नव्हतं, म्हणून एक आई घडवून दिलीत. आता ती पण गेली माझी!”

पोरीचं अक्षर न् अक्षर खरं होतं आणि खानदानींना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बायको हात पुसत बाहेर आली. “नखांचं सांगा तिला.”

“त्यात काय सांगायचं? एवढीशी गोष्ट...” खानदानी पुटपुटले. इतका साधा माल त्यांनी कधी पुढे मांडलाच नव्हता.

“सांगा म्हणते ना.”

“तुला आणायला गेलो, तेव्हा तिथल्या मावशी म्हणाल्या,” खानदानी अडखळत बोलू लागले, “तू दाराशी सापडलीस, तेव्हा तुझी नखं नुकतीच कापलेली होती. हातांची, पायांची, सगळी. बस्. एवढंच.”

ठकूने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने आईला विचारलं, “हे तरी खरं का गं?”

“खरं. मी शेजारीच उभी होते. एका बोटाला जराशी कात्रीही लागली होती, असं म्हणाल्या त्या.”

“कुठल्या?”

“ते नाही सांगितलं त्यांनी.”

ठकूने दोन्ही हात पुढे धरले आणि एकेक बोट बघितलं. “घाबरत घाबरत कापली असतील गं तिने,” ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. त्या बाईबद्दल खानदानींना पुष्कळ काही सुचत होतं, एकाहून एक सरस. त्यांनी त्यातला एक शब्दही काढला नाही आणि लेकीला रडू दिलं.