ब्रेमलिंगची अपुरी रचना

लीड्स म्हटलं की आजही मला आधी ओल्या लोकरीचा वास येतो. ऑक्टोबरच्या रिपरिपीत भिजलेले कोट अंगावर तसेच ठेवून माणसं दगडी चर्चमध्ये बसली होती, आणि लाकडी बाकांच्या मेणात तो वास हळूहळू मुरत होता.

मी पुण्याहून गेले होते थोरल्या भावाकडे. दादा तिथल्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ. त्याच्या लेकीला, इराला, मेडिकल अर्ध्यावर सोडून एडिनबराला संगीत शिकायचं होतं. तिथं प्रवेश मिळाला होता. दादाचा होकार मिळाला नव्हता. त्या शनिवारी ती व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या स्वरांचं वाद्य) वाजवणार होती. दादानं तिला मैफलीत कधी ऐकलंच नव्हतं. "तू येणार असलीस तर मीही जाईन," एवढं मात्र त्यानं फोनवर कबूल केलं होतं.

मैफल होती फ्रीडरिश ब्रेमलिंगच्या संगीताची. हे नाव मीही कधी ऐकलं नव्हतं. सकाळी इरा आम्हांला टेकडीवरच्या त्याच्या कबरीपाशी घेऊन गेली. खाली काळवंडलेल्या गिरण्यांची धुराडी, वर शेवाळानं मऊ झालेले दगड. आधी आम्ही भलत्याच कुणा ब्रॅम्लीपुढे श्रद्धेनं उभे राहिलो, मग खरा दगड सापडला.

"आत्या, हा कबर आहे त्याचा," इरा म्हणाली. तिचं मराठी लिंगभेद फारसा मानत नाही. "त्याचे वडील वूल मर्चंट होते. त्यांनी त्याला जर्मनीहून इथे पाठवलं, ऑफिस सांभाळायला. दिवसभर गोडाऊनमध्ये लोकर तपासायची आणि उरलेल्या वेळात कम्पोज करायचं. आयुष्यभर."

दादानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. "बघ! नोकरी सांभाळून केलंच ना त्यानं? तेच तर मी सांगतोय."

"म्हणूनच फक्त तीन पीसेस उरले, बाबा. आणि आज वाजवतोय तो अर्धाच आहे."

आम्ही भिंतीच्या आडोशाला थर्मासमधला आल्याचा चहा प्यायलो, वहिनीनं दिलेली थालीपिठं खाल्ली. थंडीनं ती कडक झाली होती, पण भाजल्या तिळाची चव अजून जागी होती. मी त्या दगडाकडे पाहत राहिले. लोकर चाचपून खरबरीत झालेली बोटं संध्याकाळी पियानोवर कशी फिरत असतील?

चर्चमध्ये इरा आणि तिचे तीन सोबती वेदीपुढे बसले. पहिला भाग लगबगीचा होता, सकाळी कामाला निघालेल्या पावलांसारखा. तो संपला आणि मी टाळीसाठी हात उचलले. दादानं माझं मनगट धरलं. "दोन भागांच्या मध्ये इथं टाळ्या नसतात," तो कुजबुजला. "वेंधळी कुठली."

मग संथ भाग. बाकीची वाद्यं एकेक करून मागे सरली आणि व्हायोला एकटी उरली. टेकडीवरचं धुकं बोलू लागलं असतं तर त्याला असाच आवाज आला असता. स्वर चढत गेला, वळणावर आला आणि तिथंच थांबला. पुढचं ब्रेमलिंगनं लिहिलंच नव्हतं. चारही गज हवेत स्थिर. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"वा!"

दादा! पुण्याच्या बैठकींत तयार झालेले कान. तिथं अशा जागेला गप्प राहणं हाच उद्धटपणा. सगळ्या माना वळल्या. इराचा चेहरा पांढरा पडला. दादानं खाली मान घालून कोटाचं बटण उगाच लावलं, काढलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या वृद्ध बाई मागे वळल्या, त्यांनी दादाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आय." (यॉर्कशरमधलं 'हो'.) मग त्यांनीच पहिली टाळी वाजवली.

बाहेर आल्यावर इरा फणकारली, "बाबा, सो एम्बॅरसिंग! माझे टीचर होते तिथे!"

"आलं तोंडातून," दादा म्हणाला. "त्यानं पुढचं का नाही गं लिहिलं?"

"वेळच नाही मिळाला."



दुसऱ्या दिवशी दादा मला स्टेशनवर सोडायला आला. इरा घरी झोपली होती. परदेशी गावात आपण मोठ्या माणसांची स्मारकं पाहायला जातो. मी मात्र एका माणसाचा अपुरा राहिलेला वेळ ऐकून परतत होते, आणि तो माझ्या भावानंही ऐकला की नाही, हे मला अजून कळलं नव्हतं. दादानं माझी बॅग डब्यात चढवली. मी दारातूनच विचारलं, "मग, इराच्या एडिनबराचं काय?"

तो क्षणभर लांबवर गेलेल्या रुळांकडे पाहत राहिला. दारं बंद होण्याची शिट्टी झाली, तेव्हा कुठे माझ्याकडे बघून म्हणाला, "जाईल."