हिराक्काचं बोर

हिराक्का गेली, हे तिच्या लेकीनं, प्रज्ञानं फोनवर सांगितलं तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. "बाई, आई गेली. चहा मागितला, आन् कप आणेपर्यंत…" मी गॅस बंद केला आणि म्हणाले, "अगं, अशी कशी जाईल? माझ्याशी भांडायचं राहिलंय तिचं!" मरणाची बातमी ऐकून कुणी असं बोलतं का? पण आमचं नातंच भांडणाचं होतं आणि एवढी वर्षं आम्ही ते जपलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी कवठे महांकाळला गेले. माणसं एकामागून एक उठून बोलली. दोघातिघांनी तर माझ्याकडे हात करून सांगितलं, "बाईंनी बोराचं चित्र काढून दिलं, म्हणून हिराक्का उभी राहिली." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, बाईंना रडू आलं. रडू कसलं, लाज वाटत होती. म्हणून आज हे लिहायला बसले आहे, आणि सगळं सांगितल्याशिवाय उठणार नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी वाईची, कवठ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायला आलेली. हिराक्का माणातली, दहिवडीकडची. नवऱ्याला एस.टी.त नोकरी होती, म्हणून ती इथं आली होती. रोज सांगलीला एका कारखान्यात कापडावर छपाई करायला जायची. लाकडी चौकटीवर जाळी ताणलेली असते, तिच्यातून रबरी पट्टीनं रंग ओढायचा, की खालच्या कापडावर चित्र उमटतं. एकदा तिनं मालकाला एक सुधारणा सुचवली, तर तो म्हणाला, "कापड शेटचं, चित्र पेंटरचं. तुझं काय? नुसता हात!" दुसऱ्या दिवसापासून ती कारखान्यात गेलीच नाही. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःचं छपाईचं टेबल टाकलं आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, मला एक काम असं करायचंय, की लोकांनी म्हनलं पायजे, ह्ये हिरानं केलं. बास. मला दुसरं कायबी नको."

पहिलं काम आलं ते सांगलीच्या एका दुकानदाराचं. तेव्हा जीन्सचं वेड खेड्यापाड्यांत पोचलं होतं. त्याच्या डोक्यात आलं, संक्रांतीला बोरन्हाणासाठी लेकरांना डेनिमची जाकिटं काढायची आणि पाठीवर बोरं छापायची. अट एकच, सगळीकडे बोर सारखं दिसलं पाहिजे, नाहीतर सगळा माल परत. आणि गड्यानं कापड पाठवलं तीन तऱ्हेचं! काळं, गडद निळं कोरं कडक, आणि धुऊन विटवलेलं आभाळी. मी आठ दिवस खपून बोरांची फांदी काढली. बारीक टाकानं छाया भरली, खाली झोकात सही ठोकली. माझ्या मते काम फत्ते झालं होतं.

छापून बघितलं तर निळ्यावर पिवळा रंग हिरवा पडला, आभाळीवर फिकुटला आणि काळ्यावर पार बुडाला. डेनिमच्या विणीला तिरप्या रेघा असतात, त्यांच्यावर माझी नाजूक छाया तुटून तुटून गेली. मी म्हटलं, चालतंय की. हिराक्कानं तिन्ही तुकडे पिशवीत घातले आणि मला ओढत आठवड्याच्या बाजारात नेलं. बोरं विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईच्या पुढ्यात तुकडे पसरले आणि विचारलं, "मावशे, ह्ये काय हाय?"

तिनं एकेकावर बोट ठेवलं. "ह्यो आवळा. ह्ये बोर हाय, पर कच्चं. एवढ्यात कशाला तोडलं? आन् ह्यो काळ्यावरचा चिक्कू… नासलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हिला चित्रातलं काय कळतंय?"

"चित्रातलं न्हाई कळत, बाई. बोरातलं कळतंय. आन् आपल्याला बोर छापायचंय."

संक्रांत तोंडावर आली होती. मी म्हटलं, हाय असं दे पाठवून, लेकरांच्या पाठीवर कोण निरखून बघतंय? तर म्हणाली, "परत आलं तर त्या मालकाच्या टेबलावर जावं लागंल मला. मी जानार न्हाई." चार दिवस ती त्या खोलीतून हलली नाही. माझ्या फांदीवरनं बोराचा नुसता आकार उतरवून घेतला आणि छाया सगळी काढून टाकली. आधी पांढऱ्या रंगाचा थर द्यायचा, तो खडखडीत वाळला की वर पिवळा, मग एका गालावर जाडसा तांबूस. काळ्या कापडाला पांढऱ्याचे दोन थर, आभाळीला एकच, तोही पातळ. आणि पिवळा ओढताना तिनं टिकलीएवढी जागा मोकळी सोडली. तिथून खालचा पांढरा दिसायला लागला आणि बोर चकाकलं! एवढी वर्षं चित्रकला शिकवून मला हे सुचलं नव्हतं.

पुन्हा बाजार. म्हातारीनं काळा तुकडा उचलला, बोर नखानं खरवडून बघितलं आणि ओरडली, "अगं बया! ही तर माझ्याच पाटीतली!" हिराक्का तिथंच, भर बाजारात, फतकल मारून बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. माल गेला, एकही जाकीट परत आलं नाही.

आता जे सांगायचंय ते सांगते. आकार उतरवताना माझी सहीसुद्धा जाळीवर उतरली होती. मी तेव्हा फणकाऱ्यानं म्हटलं होतं, "काढून टाक ती. हे माझं चित्रच नव्हे." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. तुमच्याच कागदावरनं उतरलंय." पुढं ते बोर साताऱ्यापर्यंत पोचलं, शाळेत माझा सत्कार झाला, आणि मी मात्र सही काढ म्हणून पुन्हा कधी बोलले नाही. मालकाचं ते बोलणं तिला किती लागलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी गप्प बसले. पुढच्या कामांत डाळिंबाच्या दाण्यावरून, द्राक्षाच्या देठावरून ती माझ्याशी तासन् तास भांडली… या एका गोष्टीवरून कधीच नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्या खोलीत गेले. टेबल आता प्रज्ञा चालवते. जुनी जाळी फाटली की त्याच नमुन्यावरून नवी करतात, माझ्या सहीसकट. मी चौकट उजेडाला धरली, जाळीची भोकं बुजवायचा लेप मागून घेतला आणि सहीवर बोटानं फासला. वाळेपर्यंत बसून राहिले. प्रज्ञानं काळं कापड अंथरून रंग ओढला. बोर लख्ख उमटलं, खाली कापड रिकामं.

पोरगी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, इथं आईचं नाव घालू?"

"विचारतेस काय? घाल. आणि माझ्यापेक्षा मोठं घाल."