आमच्या गड्याचा नकाशा

दादा गेल्यावर त्याच्या फौजेतल्या ट्रंकेत आलेखाच्या कागदांची गुंडाळी सापडली. चौकटींवर माझ्या पेन्सिलीच्या भिंती, दारं, जिने. सगळी गुंडाळी मी लगेच उलगडली नाही.

नव्वदच्या दशकात मी सांगलीला कॉलेजात होते आणि दुपारी कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. दादा दोन महिन्यांच्या सुट्टीवर कुंडलला आला होता. एकदा मला न्यायला आला आणि मागच्या खोलीतल्या जुन्या मशीनवरचा खेळ बघत उभाच राहिला. तळघरात उतरायचं, तळाशी टांगलेली घंटा घेऊन परत यायचं. सर जेवायला जात, तेवढा तास दीड तास आमचा.

खेळ आपल्या माणसाच्या आकड्यांनी सुरू व्हायचा, बटण दाबलं की दर वेळी नवे पडायचे. शक्ती, बुद्धी, नशीब. आमच्या माणसाला चेहरा नव्हता, आवाज नव्हता. दादा त्याला नुसतं गडी म्हणायचा. बाकीचं आम्हीच ठरवलं. तो मेढ्याकडचा, कमी बोलणारा, अंधाराला भिणारा. खेळाला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण दार उघडायचं की नाही हे आम्ही त्याच्या भित्रेपणाकडे बघून ठरवायचो. आणि तो मेला की ज्या फ्लॉपीवर साठवला होता तिच्यावरूनही पुसला जाणार होता.

वाट दाखवणारं पडद्यावर काही नसे. कोपऱ्यात फक्त दिशेचं एक अक्षर. दादा चालायचा, मी भिंती काढायचे. पहिला मजला संपला तेव्हा त्यानं कागद बघितला.

"आगं, पश्चिम वर काढलीस व्हय?"

"वर म्हंजे घाटच की. खाली नदी."

"फौजेत असला नकाशा काढला असतास, तर सायबानं तुला नदीतच सोडली असती."

"मग तू काढ."

"ऱ्हाऊ दे. आपल्या दोघांस्नी कळतंय न्हवं."

सुट्टी संपत आली तेव्हा गडी शेवटच्या मजल्यावर होता. माझी परीक्षा होती, म्हणून तो कागद दादानं एकट्यानं काढला आणि मिरजेच्या स्टेशनवर माझ्या हातात दिला. त्यावर एक लाल फुली होती.

"हितं खड्डा हाय. मी येईस्तवर गडी जित्ता ऱ्हायला पायजे बग."

महिनाभर मी मशीनकडे फिरकले नाही. मग एका दुपारी वाटलं, उभा राहून गड्याचे पाय अवघडले असतील, चार पावलं फिरवून आणावं. कागद नेहमीसारखाच धरला, घाट वर. फुली चुकवून तिसऱ्या पावलाला वळले आणि गडी खड्ड्यात गेला. दादानं फौजेच्या सवयीनं उत्तर वर काढली होती.

त्यानंतर त्याच्या प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ असायची, गडी कसा हाय? मी लिहायचे, उभा आहे.

पुढच्या सुट्टीत त्यानं फ्लॉपी घातली. माणसांची यादी रिकामी. कागद घाट वर धरून चालले, हे मी खाली बघत सांगितलं. तो नवा माणूस काढू लागला. जुने आकडे जमेपर्यंत बटण दाबत बसला. सर जेवून आले तरी दाबतच होता.

"जमला," तो म्हणाला. "पर ह्याला आदीचं काय ठावं न्हाई. खड्डा परत दाखवावा लागंल."

त्या सुट्टीत आम्ही दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचलो. पुढच्या खेपेला ते मशीन क्लासमध्ये नव्हतं.

परवा दादाच्या मुलीनं मला तिचा खेळ दाखवला. त्यातला नायक बोलतो, त्याची आई मेलेली आहे, तो रडतो. मलाही रडू आलं. जायचं तिकडे सोनेरी बाण दिसतो.

"आत्या, पडलीस तरी भिऊ नकोस. तो तिथंच उठतो परत."

खेळातल्या एका दारापाशी मी थांबले. हा भितो की नाही, मला माहीत नव्हतं. ते खेळानंच ठरवलं होतं. तिनं हळूच माझ्या हातातून माउस घेतला आणि दार उघडलं.

घरी आल्यावर गुंडाळी पुरती उलगडली. शेवटचा कागद दादाच्या हातचा, पण स्टेशनवर दिलेला तो नव्हे. तोच मजला त्यानं नव्यानं काढला होता, घाट वर, नदी खाली. लाल फुली, मी बघितलं असतं तिथं होती.