दुसरा भोंगा

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरी सण आणि सुतक पाठोपाठ यायचं. सव्वीसला मिलच्या आवारात झेंडा आणि नुक्तीचे लाडू, तीसला हुतात्मा दिन. तीसला अकरा वाजता मिलचा भोंगा झाला, की अख्खी गल्ली असेल तिथे उभी. दोन मिनिटांनी दुसरा भोंगा, मग बसायचं. दोन्ही भोंगे माझे बाबा वाजवायचे, बॉयलरवर होते ना! तेवढ्यात आईची तव्यावरची पोळी करपायची आणि ती दरवर्षी करवादायची, "तुमच्या भोंग्यापायी माझी एक पोळी जाते."

मग मिल बंद पडली. तरी सव्वीसला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. आई म्हणाली, "अहो, फाटकाला ताला आहे." गेलेच. रिकाम्या हाताने परतले आणि पुढे कुणाशी धड बोलले नाहीत. मला तर रागच आला. अरे, साऱ्या शहराच्या मिला बसल्या, तुम्ही एकटेच आहात का?

तीसला ते अंगणात खुर्ची टाकून ऊन खात होते. एकदम उठले. हात सरळ, मान खाली. मी घड्याळ पाहिलं, अकरा. समोरचे काकाही उभे, ओट्यावरच्या बायकाही उभ्या. आई लाटणं ठेवून दारात उभी. आवाज कसलाच झाला नव्हता, देवाशपथ. भाजीवाल्याने ठेला थांबवून विचारलं, "क्या हो गया भिया, कोई शांत हो गया क्या?" कुणी वारलंय असंच वाटलं त्याला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

बाकीचे भानावर येऊन हळूहळू बसले. बाबा बसेनात. पाय लटपटायला लागले, ओठ पांढरे पडले. मी दंड धरून ओढलं. "बाबा, झालं ना! बसा की आता!"

"दुसरा कुठे झाला?" ते पुटपुटले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि मी इथे आहे, तर पहिला वाजवला कुणी?"

मी रडकुंडीला आले. हे आता पडणार, असंच वाटलं. आई पिठाच्या हातांनी पुढे आली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि पोटातून लांब आवाज काढला, "भोंऽऽऽ." एरवी मी हसून लोळले असते. बाबा खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले.

"गेली माझी पोळी," आई म्हणाली.

पुढे ती गल्ली सोडून राजेंद्र नगरला राहायला आलो तरी दर तीसला ती हातातलं काम टाकून अकराला त्यांच्यापाशी जायची. मग बाबा गेले. मागाहून तीही गेली.

यंदा तीसला मी गॅलरीत बटल्याच्या, मटारच्या शेंगा सोलत बसले होते. घरात कुणी नव्हतं. भोंगा झाला. लांब, घोगरा, आमच्याच मिलचा. परात बाजूला सारून मी उभी राहिले. बराच वेळ गेला. पाय भरून आले, खाली शाळेची बस येऊन गेली. बसायचं म्हटलं तरी बसवेना.

आई, वाजव की गं आता.